मी दम धरणार नाही

आधीच सांगून ठेवते, मी आयुष्यात कधी बिडी ओढली नाही. हे लिहायची वेळ आली, कारण मला सीओपीडी आहे हे कळल्यापासून चुलत जावेपासून ऑटोवाल्यापर्यंत प्रत्येकाने मला तेच विचारलं, आणि मी 'नाही' म्हटल्यावर प्रत्येकाने 'बरं, राहू द्या' असा चेहरा केला.

या आजारात फुप्फुसातल्या वाटा अरुंद होतात. हवा आत जाते, पण धड बाहेर येत नाही. याहून जास्त शास्त्र मला येत नाही आणि ते सांगायला डॉक्टर आहेत. ज्यांच्या घरात ऑक्सिजनचं मशीन नुकतंच आलंय त्यांच्यासाठी मी लिहिते आहे, आणि ज्यांना घरचे लोक 'आता तुम्ही बसून राहा' म्हणताहेत त्यांच्यासाठी. या दुसऱ्या लोकांसाठी जरा जास्तच.

सतरा पायऱ्या

आमचं दुकान गांधीबागेत. लुगडी आणि साड्या. बाबांनी घरच्या मागावरची लुगडी खांद्यावर टाकून विकायला सुरुवात केली, पुढे दुकान झालं, आणि मी एकुलती एक म्हणून त्यांच्यामागे गादीवर मी बसले. खाली माझा मुलगा प्रशांत सुटं गिऱ्हाईक पाहतो. ठोकचा व्यवहार वर, माडीवर. आमच्या बाजारात वर बसतो तो मालक. खाली कोणीही बसू शकतं.

माडीला लाकडी जिना आहे. सतरा पायऱ्या, शिडीपेक्षा थोडाच बरा. बाबांनी मला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवली होती. "खाली छाती भरून घ्यायची आन एका दमात वर जायचं. व्यापाऱ्यासमोर धापा टाकत गेली का तो भाव पाडते." मी तीस वर्षं एका दमात वर गेले.

मग एकदा नवव्या पायरीवर बसले. वर उमरेडचे दोन व्यापारी वाट पाहत होते, खालून हमाल गठ्ठा घेऊन येत होता, आणि मला तोंडातून शब्द काढता येईना. हमालाने विचारलं, "काय झालं बाई?" मी कानाकडे बोट दाखवलं. कानातलं पडलं, शोधते आहे, असं. तो बिचारा गठ्ठा ठेवून माझ्यासोबत शोधायला लागला. पुढच्या दोन महिन्यांत माझं कानातलं त्याच पायरीवर इतक्यांदा पडलं की शेवटी त्यानेच प्रशांतला जाऊन सांगितलं, "बाईले सोनाराकडं नाही, डॉक्टरकडं न्या."

निदान

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात एका मुलीने माझ्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि म्हणाली, "जोरात फुंका काकू! फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून!" मी जीव खाऊन फुंकलं. मला वाटलं मशीन उडून जाईल. कागदावर आलेली रेघ पाहून तिने कागद उलटा ठेवला, आणि तेव्हाच मला कळलं.

डॉक्टर वयस्कर होते, चष्म्यावरून बघणारे. बिडीचा प्रश्न झाला. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी घरी चूल होती?"

होती म्हणजे? पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत चूल, आणि खिडकी एकही नाही. सातव्या वर्षापासून चूल पेटवायचं काम माझं. फुंकणी तोंडाला लावायची, गाल फुगवायचे, डोळ्यांतून पाणी. ते आटोपलं की पुढे येऊन मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, सुताची कुसं नाकातोंडात. लग्नानंतरही किती वर्षं चूलच होती.

"मग बिडीची गरजच नव्हती तुम्हाला," डॉक्टर म्हणाले.

मला राग आला. त्यांचा नाही, कोणाचा ते अजून ठरलेलं नाही. आईने माझ्या हातात फुंकणी दिली ती पोरीला काम यावं म्हणून दिली, काही मारायला नाही दिली. बाहेर आल्यावर मी प्रशांतला म्हटलं, "चाल, गाडी काढ." तो रडवेला झाला होता. मी नाही रडले. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले, आणि रडतानाही दम लागतो हे तिथे कळलं. म्हणून पुरतं रडताही आलं नाही.

आग्रह

पुढच्या हिवाळ्यात सर्दीचं निमित्त झालं आणि पाच दिवस भरती व्हावं लागलं. घरी आले ती ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. मशीनला आकडे लिहिलेली काचेची उभी नळी असते, तिच्यात एक छोटी गोळी. कळ फिरवली की गोळी वर चढते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, "दोनवर ठेवायचं. ऑक्सिजन मोजणारं बोटाचं मशीन नव्वदच्या आसपास दाखवेल. तुमच्यासाठी तेवढं पुरे."

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. नामदेवराव पोस्टातून निवृत्त झाले. दुकानात त्यांनी कधी पाय ठेवला नाही, स्वयंपाकघरात मी फारसा ठेवला नाही, आणि आमचा संसार त्यामुळेच टिकला. हा माणूस वडाभात करतो तेव्हा गल्लीत वास जातो. आणि वाढायला उभा राहिला की पाहुण्याची खैर नाही. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या फटीतून वडा सोडतो. 'पुरे' या शब्दाचा अर्थ त्यांच्या लेखी 'अजून एक' असा आहे. त्यांच्या आईनेही तसंच वाढलं, आमच्या लोकांत सगळे तसेच वाढतात. पाहुणा पोटभर जेवून उठला तर आमच्यात त्याला अर्धपोटी म्हणतात.

अशा माणसाच्या हातात कळ आली.

तिसऱ्या दिवशी मी न्हाऊन आले, धाप लागली होती. ते मशीनपाशी गेले. "दोननं काय होते वं? दोन म्हंजे काहीच नाही. घे ना थोडं." गोळी तीनवर गेली. बोटाचं मशीन चौऱ्याण्णव. ते खूश. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी बहीण भेटायला आली, तिच्यासमोर त्यांनी पाच केले. अठ्ठ्याण्णव! बहिणीने टाळी वाजवायची बाकी ठेवली. "पाह्य, पाह्य, कशी गुलाबी दिसून राहिली!" ती म्हणाली. माझे गाल खरंच लाल झाले होते.

मलाही बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. छान झोप येत होती. सकाळी डोकं ठणकायचं, पण मी म्हटलं थंडी आहे. हातातून कप पडला. हात पुढे धरला की पंजा आपोआप खाली पडायचा. सुनेला मी म्हणे एका दुपारी सांगितलं की बैठकीत व्यापारी आलेत, कापडाची थानं उलगडा. बैठकीत कोणीच नव्हतं. सून घाबरली, पण नामदेवरावांनी बोटाचं मशीन दाखवलं. "अठ्ठ्याण्णव हाय ना? मंग? झोपू दे तिले. थकली हाय."

चार वाजता ते चहासाठी उठवायला गेले तर मी उठेना. हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मी डोळे उघडायची आणि मिटायची. यातलं मला काही आठवत नाही. बोटावरचं मशीन तेव्हाही अठ्ठ्याण्णवच दाखवत होतं, असं सून सांगते.

मुखवटा

जाग आली तेव्हा चेहऱ्यावर घट्ट मुखवटा होता आणि एक मशीन माझ्या छातीत हवा ढकलत होतं. बायपॅप म्हणतात त्याला. ज्यांनी लावलंय त्यांना माहीत आहे. भर उन्हाळ्यात धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढावं तसं वाटतं, फक्त तोंड आत घेता येत नाही. मी तो ओढून काढायला बघत होते. एक नर्स माझे दोन्ही हात धरून बसली होती आणि मल्याळी वळणाच्या हिंदीत सांगत होती, "अम्मा, लडना नहीं. मशीन के साथ चलना." मी आयुष्यभर सगळ्यांशी लढले, पण तिचं ऐकलं.

दवाखान्याचा दिवस मोठा विचित्र. पाचला पट्टा लावून दाब बघतात, सहाला मनगटातल्या खोल नसेतून रक्त काढतात, आणि ते इतकं दुखतं की मी ते काढणाऱ्या पोराला त्याच्या आजीची शपथ घातली होती. मुखवट्याने नाकावर फोड आला. जेवायला अर्धा तास मुखवटा काढायचे, तेवढ्यात मऊ भात गिळायचा की श्वास घ्यायचा, हे ठरवायचं. आणि याच सगळ्यात एक आया रोज दुपारी येऊन माझी वेणी घालून द्यायची. कोणी सांगितलं नव्हतं तिला. मुखवट्याच्या पट्ट्यांत केस गुंततात म्हणून. मला त्या पाच मिनिटांसाठी दुपार व्हावीशी वाटायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं. "कळ कोणी फिरवली?"

नामदेवराव खिडकीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मी. तिले कमी पडून राहिलं होतं, साहेब."

डॉक्टर रागावले नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. म्हणाले, "शरीरात कार्बन डायऑक्साइड तयार होत असतो, तो उच्छ्वासातून बाहेर टाकावा लागतो. यांच्या फुप्फुसांना ते नीट जमत नाही. आणि अशा काही पेशंटना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साचतो. माणूस गुंगतो, झोपतो, आणि झोपेतच जातो. तुमचं बोटाचं मशीन फक्त ऑक्सिजन मोजतं. साचलेलं त्याला दिसत नाही."

मला लगेच पटलं. गोदामातला जुना माल उठला नाही तर दारात नवीन गठ्ठे आणून काय करता? मी मुखवट्यातूनच मान हलवली.

त्यानंतर नामदेवराव दोन दिवस माझ्या खाटेजवळ आले नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. मलाही त्यांचा राग होता, खोटं का बोलू? या माणसाने मला प्रेमाने मारलंच होतं जवळजवळ. शेवटी मुखवटा काढल्यावर मीच त्यांना आत बोलावलं.

"काहून नाही येत?"

"कोणत्या तोंडानं येऊ वं?" त्यांचे डोळे भरले. "मी जिंदगीत कोणाले कमी वाढलं नाही. तुले कमी कसं वाढू?"

मी त्यांचा हात धरला. घरी आल्यावर त्यांनी कळीला पांढरी चिकटपट्टी लावली आणि जाडजूड अक्षरात लिहिलं: 'दोन'. पाहुणे आले की त्या मशीनसमोर स्वतः खुर्ची टाकून बसायचे.

वाचणाऱ्यांनो, दोन हा माझा आकडा आहे. तुमचा वेगळा असेल, काहींना जास्तच लागतो. तो तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि मग त्याला हात लावू नका. आग्रह ताटात करा.

सोडायचा

यानंतर घरात नवीन कायदा झाला. मी हलायचं नाही. पाणी हातात, ताट हातात, न्हायला सून सोबत. मी उठले की तिघं एकदम ओरडायचे, "बस!" दोन महिन्यांत माझ्या मांड्या काठीसारख्या झाल्या, आणि आधी न्हाऊन धाप लागायची ती आता केस विंचरून लागू लागली. मी म्हटलं, हे लोक याला आराम म्हणतात, पण हा तर मला हप्त्याहप्त्याने पुरायचा बेत आहे.

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. तिथे प्रज्ञा मॅडम होत्या, जरीपटक्याहून स्कूटीवर यायच्या, माझ्या सुनेपेक्षा लहान. नामदेवराव पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाले, "मॅडम, हिले व्यायाम देऊ नका. चाललं का हिले दम लागते."

"लागू द्या ना काका," त्या म्हणाल्या. "बसा इथं. बोटाचं मशीन लावा. आता दम धरा."

"मी?"

"हाव. तुम्हीच."

नामदेवरावांनी छाती भरून दम धरला. आम्ही बघतोय. चेहरा लाल, मग जांभळट, डोळे मोठे, आणि फुस्सकन सोडला.

"काहून सोडला काका?"

"अवो, जीव जाऊन राहिला होता!"

"बोटावर पाहा बरं किती हाय."

सत्त्याण्णव होते. नामदेवराव मशीनकडे बघतच राहिले.

"ऑक्सिजन तर भरला हाय. मग कोणी सोडायले लावला? आत कार्बन डायऑक्साइड साचला, त्यानं धक्का मारला. चाललं, चढलं का स्नायू तो आणखी तयार करतात, म्हणून श्वास वाढते. तुमचाही वाढते, माझाही वाढते. काकूंच्या वाटा अरुंद, म्हणून त्यांले जास्त जाणवते. पण दम लागणं म्हंजे मरणं नाही. अन् बसून राहिलं तर स्नायू इतके कच्चे होतात का तेवढ्याच कामाले डबल दम लागते."

मग मला म्हणाल्या, "काकू, या तीन पायऱ्या चढून दाखवा."

मी खाली उभी राहिले, छाती भरून घेतली आणि चढले.

त्या माझ्याकडे बघत होत्या. "तुम्ही दम धरून चढता."

"नाही."

"पुन्हा चढा. अन् चढताना बोला."

मला बोलता येईना. तोंड मिटलेलं, छाती भरलेली, गठ्ठा उचलताना धरतात तसा दम धरलेला. एका दमात! बाबांनी सांगितलं तसं, तीस वर्षं, आणि आजारी पडल्यावरही तसंच. जी हवा मला बाहेर टाकता येत नव्हती, तीच मी मुद्दाम कोंडून चढत होते. आणि वरून नवव्या पायरीवर कानातलं शोधत होते!

मला इतकं हसू आलं की खोकला लागला. मग रडूही आलं. बाबांवर राग येऊन काय करणार? त्यांची फुप्फुसं चांगली होती.

"दम धरायचा नाही काकू," प्रज्ञा मॅडम म्हणाल्या. "सोडायचा. ओठांचा चंबू करा, अन् पाय उचलला का सोडा. घ्यायची चिंता करू नका, सोडलं का आपोआप येते."

घरी, शाळेत, दुकानात, मला जन्मभर सगळ्यांनी एकच सांगितलं होतं. दम धर. लग्न ठरत नव्हतं तेव्हा दम धर, पोर होत नव्हतं तेव्हा दम धर. पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं की धरू नको.

आठवड्यातून तीनदा गेले. आधी दोन मिनिटं चालून भिंतीला टेकायची. मग पाच. पायांना वजनं बांधून बसल्या जागी पाय उचलायचे. दोन पायऱ्या, सोडा, थांबा. काही दिवस अगदी वाईट जायचे, आणि मी मॅडमना नाही नाही ते बोलायची. त्या म्हणायच्या, "बोलता येऊन राहिलं ना? मग चढा."

माडी

हे चालू असताना प्रशांतने एक गोष्ट माझ्यापासून लपवली. सून बोलून गेली. माडी शेजारच्या रेडिमेडवाल्याला द्यायचं ठरत होतं. गादी काढायची, मधली भिंत फोडायची, आमचं फक्त खालचं दुकान राहणार.

मी प्रशांतला विचारलं. त्याने मान खाली घातली. "आई, तू आता वर नाही जाऊ शकत ना. मले एकट्याले ठोकचं जमत नाही. कोणासाठी ठेवू?"

"मले विचारलं का?"

"तुले टेन्शन नको म्हणून."

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मला बेशुद्ध उचलून गाडीत घातलं होतं ते त्यानेच. पण मला त्या क्षणी कळलं की घरात माझं श्राद्ध उरकून झालं होतं, फक्त मला कळवायचं राहिलं होतं. "कधी येऊन राहिले ते?" मी विचारलं. "सोमवारी अकराला," तो म्हणाला.

डॉक्टरांना फोन केला. सोबत न्यायचं लहान सिलिंडर कितीवर ठेवायचं, आकडा कितीच्या खाली गेला तर थांबायचं, सगळं लिहून घेतलं. प्रज्ञा मॅडमनी दवाखान्याच्या जिन्यावर दोन दिवस माझ्याकडून बरोबर सतरा पायऱ्या चढवून घेतल्या.

सोमवारी मी दुकानात गेले. नामदेवराव सिलिंडर घेऊन मागे. आयुष्यात पहिल्यांदा ते दुकानात शिरले. प्रशांत वर होता, रेडिमेडवाले भाईजी आणि त्यांचा भाऊ वर होते. मी जिन्याचा कठडा धरला.

दोन पायऱ्या. सोडला. थांबले. दोन पायऱ्या. सोडला. बोटावर बघितलं. नवव्या पायरीवर बसले, राजरोस बसले, पदर नीट केला आणि पाच वेळा ओठांचा चंबू करून सोडला. हमाल खाली गठ्ठा घेऊन उभा होता, मी त्याला हाताने सांगितलं, थांब बाबा, मला वेळ लागेल. नामदेवराव मागे एका शब्दानेही 'हळू' म्हणाले नाहीत, 'बस' म्हणाले नाहीत. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

मी वर पोचले तेव्हा धापा टाकत होते. मोठ्याने. नाकात नळी, मागे नवरा सिलिंडर घेऊन. भाईजी घाईघाईने उठले.

"अरे काकूजी! तुम्ही काहून त्रास घेतला? आम्ही खाली आलो असतो ना!"

प्रशांतने माझ्यासाठी बोलायला तोंड उघडलं, मी त्याला हात दाखवला. सगळ्यांसमोर माझ्या धापा टाकून झाल्या. मग गादीवर बसले. मग बोलले.

"तुम्ही खाली आले असते... तर माडी तुमची झाली असती, भाईजी. मी वर आली... म्हणून माझी हाय."

बोलणं चार तुकड्यांत निघालं. भाईजी हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. चहा घेऊन, माडीचं नाव न काढता गेले.

प्रशांत गादीच्या कडेला टेकला. म्हणाला, "आई, आता उतरतं का? थकली असशीन."

"गिऱ्हाईक हाय ना," मी म्हटलं.

जिन्याच्या तोंडाशी उमरेडची, ठोकात लुगडी नेणारी एक बाई उभी होती, स्वतःच वर चढून आलेली, तिलाही धाप लागली होती. मी तिला म्हटलं, "बसा बाई. आधी श्वास सोडा," आणि कपाटातलं हिरवं लुगडं खाली घेतलं.